पाण्याकाठचा रूट

आमच्या घरात बोलायचं मी आणि गप्प बसायचं ह्यांनी, अशी वाटणी लग्न झालं तेव्हाच झाली होती. मला तिची कधी तक्रार नव्हती. दिवसभर माझ्या कपडे अल्टर करायच्या दुकानात गिऱ्हाइकं डोकं खातात, कुणाची पँट सैल, कुणाचा झगा छातीत घट्ट, आणि प्रत्येकाचं म्हणणं एकच, की माप आहे तेच आहे, कापडच आटलं. संध्याकाळी घरी एक तरी तोंड मिटलेलं असलं तर बरंच वाटतं. पण यंदा ह्यांचं गप्प बसणं वेगळ्याच जातीचं झालं. कपाटात पडून राहिलेल्या कापडाला कसर लागते तसं. ते बघून माझी झोप उडाली.

आमचे हे बसचालक. उभी हयात एकाच डेपोत काढली. तिथे ह्यांना सगळे 'मखमल' म्हणत, ते ह्यांच्या ब्रेकमुळे. गाडी थांबली हे उभ्या माणसालाही कळायचं नाही. दार उघडलं की मग लक्षात यायचं. मी शिवणारी बाई, मखमल काय चीज असते ते मला कुणी सांगायला नको. त्या नावाचा मला भारी अभिमान होता. ह्यांना मात्र तो मी कधी दाखवला नाही, नाहीतर डोक्यावर चढून बसले असते.

लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात ह्यांनी मला बजावलं होतं, की माझ्या गाडीत बसायचं नाही. घरचं माणूस गाडीत असलं की लक्ष उडतं. मी मान डोलावली आणि दुसऱ्या आठवड्यात जाऊन बसले. पुढे कितीतरी वर्षं बसतच राहिले. समोर आलेली गाडी खुशाल सोडून द्यायची, ह्यांची गाडी येईपर्यंत थांब्यावर उभं राहायचं, डोक्याला रुमाल बांधायचा, मागच्या दाराने चढायचं आणि अगदी शेवटच्या रांगेत खांबाच्या आड बसायचं. शेजारची एखादी बाई आपल्या लेकराला सांगायची, "आज तो हळू थांबवणारा आहे, बिनधास्त झोप." मग मी खिडकीबाहेर बघायची, कारण माझं तोंड लपवण्यासारखं झालेलं असायचं. ह्यांना मी त्यातलं काही कळू दिलं नव्हतं.

मग कामावरच्या नेहमीच्या तपासणीत ह्यांच्या डोळ्यांचं निघालं. डाव्या बाजूचं दिसणं हळूहळू गेलं होतं आणि ह्यांनी ते कुणाला कळू दिलं नव्हतं, बहुतेक स्वतःलाही नाही. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई वयाने लहान, पण बोलायला सरळ. गेलं ते परत येणार नाही, उरलंय ते औषधाने टिकेल, म्हणाल्या. गाडी बंद. आणि आता एकच शिकायचं, चालताना सारखी मान वळवून डावीकडे बघायचं. आत्ता सवय केली तर हे जन्मभर एकटे फिरतील. घरात बसून राहिले तर भीती पायात उतरेल आणि मग उंबरा ओलांडवणार नाही.

हे घरात बसून राहिले. खिडकीशी खुर्ची ओढली, कारण खालून डेपोचा रस्ता जातो. दिवसभरात तोंडातून एखादं वाक्य निघायचं, तेही रस्त्यावरच्या गाडीसाठी. "गिअर उशिरा टाकला," असं काहीतरी. मी भाजी चिरता चिरता विचारायची, कोणी टाकला. हे पुढच्या गाडीकडे बघायचे.

आमची लेक दुसऱ्या शहरात असते. तिचा रोज फोन. तिने उंचावरच्या तिच्या घरात आमच्यासाठी खोली तयार केली होती, पडदे लावले होते, बाबांसाठी आरामखुर्ची आणली होती. तिचं चुकत होतं असं मी म्हणणार नाही. आई, तू दुकानात असतेस, बाबा एकटे पडले-झडले तर, असं ती म्हणाली की मी विषय बदलायची. शेवटी आमचं ठरलं. ऋतू पालटला की ती येणार. तोवर बाबा स्वतःच्या पायांनी एकटे बाहेर जाऊ लागले तर ती तो विषय काढणार नाही. नाही गेले, तर सामान बांधायचं. दुकान बंद होईल ह्याचं मला वाईट वाटत होतं, पण खरी भीती ती नव्हती. त्या आरामखुर्चीत हे एकदा बसले की पुन्हा उठणार नाहीत, हे मला दिसत होतं.

म्हणून एका सकाळी मी ह्यांना हाताला धरून तळ्यावर नेलं.

तळं आमच्या घरापासून जवळच आहे. पाणी, आणि पाण्याच्या कडेकडेने झाडांतून जुन्या बंद पंपघरापर्यंत जाणारी पायवाट. गाडी नाही, सिग्नल नाही, धक्काबुक्की नाही. मला वाटलं, ह्याहून सोपं काय असणार. जाताना पाणी डावीकडे पडतं, म्हणजे ह्यांच्या हरवलेल्या बाजूला, एवढंच मी लक्षात घेतलं नव्हतं.

हे चालू लागले ते नजर नाकासमोर ठेवून. मान वळवा म्हटलं तर म्हणे, कोंबडीसारखी मान हलवत फिरू का, लोक हसतील. थोडं पुढे एक अरुंद लाकडी साकव आहे. तिथे हे उभेच राहिले. मला वाटलं घाबरले. विचारलं तर म्हणाले, समोरून कुणी येत नाही ना ते बघतोय, पुलावर दोन गाड्या मावणार नाहीत. मला हसू आवरेना. मी हसले, हे चिडले, आणि तसेच फुरंगटून पुढे गेले.

पंपघरापाशी वाट उजवीकडे वळते. लांब गाडी वळवायची तर चालक आधी उलट्या बाजूला जातो आणि मग वळतो, नाहीतर गाडीचा मागचा भाग कोपऱ्याला घासतो. ह्यांच्या अंगात ते इतकं मुरलेलं, की मागे गाडी नसतानाही हे वळणाआधी डावीकडे गेले, चांगले ऐसपैस, आणि थेट तळ्यात. पाणी गुडघ्याएवढंच होतं. बदकं फडफडत उडाली. मी ओरडले. हे मात्र पाण्यात तसेच उभे, दोन्ही हात पुढे धरलेले, जणू स्टिअरिंग अजून हातात आहे.

"झालं," हे म्हणाले. "मिटलं सगळं."

घरी आल्यावर ह्यांनी बूट पुसले, कागदात गुंडाळले आणि कपाटाच्या माथ्यावर टाकले. मी कशीबशी खुर्चीवर चढून काढले असते, पण बूट काढून माणूस थोडाच बाहेर निघतो.

नंतरचे काही दिवस मी तळ्यावर एकटीच गेले. का गेले ते विचाराल तर रागाने. माझा राग नाकावर असतो आणि त्याला चालवून आणलं नाही तर तो गिऱ्हाइकांवर निघतो. पण त्या वाटेने मला हळूहळू मऊ केलं. लव्हाळ्यात शिरलेला वारा, दगडावर एका पायावर उभा असलेला बगळा, पाण्यात उलटी पडलेली झाडं. दुकानात डोक्यात अडकलेल्या गाठी तिथे आपोआप सुटायच्या. एका झग्याची बाही मला आठवडाभर साधत नव्हती. ती पाण्यावर वाकलेल्या एका फांदीकडे बघता बघता सुचली.

आणि मी बोलणारी बाई. घरी आले की खिडकीतल्या पाठीला उद्देशून सगळं सांगायची, दुसरं ऐकणार कोण. आधी वाट सरळ शिवणीसारखी जाते, मग लव्हाळ्याची झालर लागते, मग साकव, काजाएवढा, पुढे बारीक बारीक चुण्या, आणि मग पंपघराशी मोठी मुडप.

तिसऱ्या की चौथ्या वेळी ती पाठ हलली.

"चुण्या म्हणजे काय?" हे म्हणाले. "चढ, उतार, की खड्डे?"

मी म्हटलं, चुण्या म्हणजे चुण्या.

"आणि झालरीनंतर साकव किती वेळाने? डावीकडे काय आहे? असं कुणी रूट सांगतं का?"

मग इतक्या दिवसांचं ह्यांचं साचलेलं बोलणं एकदम बाहेर पडलं. नव्या रूटवर कुठल्याही चालकाच्या हातात लगेच गाडी देत नाहीत. आधी तो जुन्या चालकाशेजारी बसतो, आणि जुना माणूस गाडी चालवता चालवता येईल ते मोठ्याने सांगत जातो. पुढे उतार आहे, इथे शाळा सुटते, ह्या वळणावर सकाळचं ऊन डोळ्यांत येतं. रूट आधी कानातून आत जातो, मग हातात उतरतो. "तू मला सरळ नेऊन उभं केलंस आणि म्हणालीस चला," हे म्हणाले. "नवख्याला असं कुणी सोडतं का?"

एवढं बोलणं मी ह्यांच्या तोंडून लग्नानंतर पहिल्यांदाच ऐकत असेन. मी खुर्चीवर चढले आणि बूट काढले.

दुसऱ्या दिवसापासून ह्यांना रूट शिकवण्याचं काम माझ्याकडे आलं. ह्यांच्या उजव्या हाताला मी, आणि तोंडाचा पट्टा चालू. पट्टा चालवायची रीतसर परवानगी मला आयुष्यात पहिल्यांदाच मिळाली होती, मी ती पुरेपूर वापरली. शब्द मात्र माझेच राहिले, कारण दुसरे मला येत नाहीत. हळूहळू हेही झालर, काज, मुडप म्हणू लागले. चुकलं की आम्ही माघारी जाऊन पुन्हा तेवढाच तुकडा चालायचो, उसवून परत शिवल्यासारखा.

एकदा झालरीपाशी हे मध्येच थांबले. मी पुढचं सांगत होते, तर हात वर करून मला गप्प केलं.

"हा आवाज कसला?"

मी कान दिला. काठच्या दगडांखाली पाणी शिरत होतं आणि बाहेर येत होतं, इतकंच. इतका बारीक आवाज, की माझ्या बोलण्यात तो मी कधी ऐकलाच नव्हता.

"जन्मभर पायाखाली इंजिन," हे म्हणाले. "ते बंद झाल्यावर असं ऐकू येत असेल असं वाटलं नव्हतं."

बराच वेळ आम्ही तिथेच उभे होतो. ह्यांचे खांदे आजारपणापासून कानापर्यंत चढलेले होते, ते माझ्या डोळ्यांदेखत खाली आले. मी शिवणारी आहे, खांद्याचा उतार मला कळतो. मी एक अक्षर बोलले नाही, आणि ते मला अवघडही गेलं नाही.

पंपघराच्या वळणाला मात्र हे अजून बिचकायचे. तिथे माझी बाही घट्ट धरायचे आणि मान ताठ. डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं मी किती वेळा सांगितलं, हे ऐकतील तर शपथ. मग एका सकाळी वळणाच्या अलीकडे हे आपणहून थांबले, मान पुरती डावीकडे वळवली, पाणी नीट बघून घेतलं आणि उजवीकडे वळले, अगदी कडेला धरून, माणसासारखे. मी काही विचारायच्या आत स्वतःशीच पुटपुटले, "डावा आरसा." इतकी वर्षं आरसा गाडीला होता, आता तो मानेला लावून घेतला होता. त्यानंतर कोंबडी, लोक, हसणं ह्यातलं काही पुन्हा निघालं नाही.

मग मी बाही सोडवून घेतली. आधी दोन पावलं मागे राहिले, मग चार, मग पहिल्या बाकावर बसूनच राहिले. हे जायचे आणि यायचे. ते परत दिसेपर्यंत माझे हात मांडीवर काहीतरी शिवत असायचे, सुई नसताना. पण यायचे.

त्या पहिल्या बाकावर एक आजी रोज बसलेल्या असत, समोर चालायचा चार पायांचा आधार, वॉकर, घेऊन. बाकापर्यंत यायच्या आणि तिथूनच परत जायच्या. एकदा पडल्यापासून पुढे जायची छाती होत नाही, असं त्यांनी मला सांगितलं होतं. आमचे हे त्या बाकापाशी रोज थांबायचे. कारण काय, तर बाकावर माणूस बसलेलं आहे म्हणजे तो थांबा. थांबायचं, थोडं बघायचं, निघायचं. कोणी हसेल ह्याची पर्वा कधीच गेली होती.

एके दिवशी आजींनी विचारलं, "ही गाडी पुढे जाते का?"

"जाते," हे गंभीरपणे म्हणाले. "पंपघरापर्यंत. सावकाश चढा."

आजी उठल्या. हे त्यांच्या डावीकडून, त्यांच्या पावलाला पाऊल जुळवून, येईल ते मोठ्याने सांगत चालले. आता झालर लागेल, डावीकडून वारा येईल. आता काज आहे, फळ्या ओल्या आहेत. समोरून कुणी नाही, निघू या. मी बाकावरून बघत राहिले. ह्यांची पाठ मी शेवटच्या रांगेतून वर्षानुवर्षं बघितलेली आहे. ती पाठ परत आली होती. मला रडू आलं आणि मी ते येऊ दिलं.

लेक ठरल्याप्रमाणे आली. तिच्या चेहऱ्यावर सामान बांधायची तयारी होती. मी तिला काही सांगितलं नाही, सकाळी फक्त बूट घाल म्हटलं.

बाकावर आजी वाट बघत होत्या. हे त्यांना घेऊन पुढे निघाले, आम्ही मायलेकी मागे. लेकीचा माझ्या हातातला हात घट्ट झाला होता. साकवावर ती पुढे धावणार होती, मी तिला ओढून धरलं. पंपघराचं वळण जवळ आलं तेव्हा मीच श्वास रोखला. तळ्यात पडल्याचं मी तिला कळवलं नव्हतं.

वळणाच्या अलीकडे ह्यांनी मान डावीकडे वळवली. त्याच वेळी पाण्यातून एक बदक वर चढलं, मागे पिल्लांची माळ. ह्यांच्या हरवलेल्या बाजूने, नेमकं पायांत यायला. हे थांबले. कसे थांबले म्हणून सांगू. झटका नाही, धडपड नाही. आजी आपोआप थांबल्या, त्यांचा आधारही हलला नाही. पिल्लं एकेक करून वाट ओलांडून गवतात गेली. एक मागे राहिलं, त्याचीही ह्यांनी वाट बघितली. मग पुन्हा डावीकडे बघून घेतलं आणि वळले.

आजींनी मागे वळून लेकीला सांगितलं, "तुम्ही नवीन दिसता. घाबरू नका हं, ह्यांचं थांबणं कळतसुद्धा नाही."

लेकीने नाक पुसलं. म्हणाली, "आई, त्या खोलीत मी माझं कामाचं टेबल टाकते." मी म्हटलं टाक. पडदे मात्र मला दाखव, शिलाई कच्ची असणार.

पंपघराच्या पायरीवर आजी टेकल्या, लेक त्यांच्याजवळ बसली. हे पाण्याकडे तोंड करून उभे होते. मी अजून मागेच, झाडाच्या आड. तोंड लपवण्यासारखं झालं होतं, जुनी सवय.

"शेवटच्या रांगेतल्या बाई," हे म्हणाले, "पुढे जागा आहे. या."

मी विचारलं, कोण शेवटच्या रांगेतल्या.

"खांबाच्या आड. डोक्याला रुमाल बांधून."

माझा हात आपोआप डोक्याकडे गेला. ह्यांनीच पुढे सांगितलं, की चालकासमोरचा आरसा शेवटच्या रांगेसाठीच असतो. पुढची माणसं तर कानाशीच असतात, त्यांना आरशात कशाला बघायचं. इतकी वर्षं मी लपायला जागा निवडली होती ती नेमकी आरशाच्या मधोमध.

"मग उठवलं का नाही कधी?" मी कसंबसं विचारलं. "लक्ष उडतं म्हणाला होतात."

"उडायचंच," हे म्हणाले. "आणि गर्दी असली की दिसायची नाहीस. आज आहेस की नाही, कुठल्या थांब्यावर चढलीस, काही नेम नव्हता. म्हणून मग प्रत्येक थांब्यावर जपूनच थांबवायचो. पुढे तीच सवय झाली."

मखमल म्हणे. सगळा डेपो त्या नावाने हाका मारायचा, शहरभरची लेकरं त्या ब्रेकवर झोपायची, मी मागे बसून छाती फुगवायची, आणि हे आज सांगतायत.

"ये ना," ह्यांनी हात पुढे केला. "इकडे, उजवीकडे ये. आता तो आरसा नाही, तू दिसायला पाहिजेस."

मी जाऊन उजवीकडे उभी राहिले. परत निघताना रूट ह्यांनीच सांगितला, मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असा. मी गप्प होते.